समुद्राची सावड

मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १९६३ साली एक नवं केंद्र सुरू झालं. नाव आंतरराष्ट्रीय हवामान केंद्र, आयुष्य मोजून दोन-तीन वर्षांचं. तिथे रोज हिंदी महासागराचा नकाशा काढला जायचा. जहाजांकडून आलेले वाऱ्याचे आणि हवेच्या दाबाचे आकडे, बेटांवरच्या ठाण्यांचे आकडे, अरबी समुद्रावर मुद्दाम उडवलेल्या विमानांनी टिपलेले आकडे, हे सगळं हाताने एका मोठ्या कागदावर मांडलं जायचं आणि मग त्यावर रेषा ओढल्या जायच्या. सोबतीला एक आयबीएम १६२० संगणक होता. त्या काळी भारतात संगणक बोटांवर मोजण्याइतके होते. केंद्राचे प्रमुख कॉलिन रॅमेज हे हवाई विद्यापीठातले मान्सूनचे अभ्यासक, आणि त्यांच्याबरोबर भारतीय हवामान खात्यातली मंडळी व बाहेरदेशांतून आलेले शास्त्रज्ञ.

मला त्या नकाशाचं फार अप्रूप वाटतं. त्यावर कोकण म्हणजे एवढीशी रेघ असणार. बाकी सगळा समुद्र आणि दुसऱ्यांचे किनारे. आपल्या अंगणात पडणाऱ्या पावसाचं मूळ शोधायचं तर नजर एवढी लांब न्यावी लागते, हे त्या कागदाकडे पाहिल्यावर आपोआप कळलं असेल.

माझ्या आजोळी लांज्याकडे भातलावणीला सावड असायची. आज तुमच्या शेतात सगळे, उद्या आमच्या. कुणाकडे बैलजोडी, कुणाकडे नुसतेच दोन हात. पैशांचा व्यवहार नाही, पण हिशेब मात्र प्रत्येकाच्या डोक्यात पक्का. जो दुसऱ्याच्या लावणीला येत नाही, त्याच्या लावणीला कुणी जात नाही. हवामानबदलाचा अभ्यास अनेक देश मिळून करतात म्हणजे नेमकं काय करतात, हे समजून घेताना मला हीच सावड आठवते. ‘आंतरराष्ट्रीय सहकार्य’ हा शब्द कानावरून घसरून जातो. सावडीत माणसं दिसतात, आणि भांडणंही.

आधी हे बघू की एकट्या देशाचं काम का भागत नाही.

जूनमध्ये आपल्याकडे येणारा वारा निघतो तो विषुववृत्ताच्या पलीकडून. मादागास्करच्या पूर्वेला, मॉरिशस आणि रियुनियन बेटांच्या दक्षिणेला त्या दिवसांत हवेच्या जास्त दाबाचा एक मोठा प्रदेश तयार होतो. तिथून वारे उत्तरेकडे सुटतात. पूर्व आफ्रिकेच्या डोंगरांना ते अडतात, केनिया-सोमालियाच्या किनाऱ्याला लागून विषुववृत्त ओलांडतात आणि अरबी समुद्रात शिरताना उजवीकडे वळतात. जमिनीपासून सुमारे दीड किलोमीटर उंचीवर या वाऱ्याचा जोरदार झोत असतो. त्याला सोमाली झोत म्हणतात. हा झोत सोमालियाजवळचं वरचं पाणी बाजूला ढकलतो, त्यामुळे खालचं थंडगार पाणी वर येतं. मग हजारो किलोमीटर समुद्रावरून बाष्प गोळा करत वारा सह्याद्रीला येऊन धडकतो, आणि आपण म्हणतो, मृगाचा पाऊस लागला.

आता यातलं भारताच्या हद्दीत किती घडलं? अगदी शेवटचा टप्पा. बाकीची वाट मॉरिशस, मादागास्कर, टांझानिया, केनिया, सोमालिया, येमेन, ओमान यांच्या अंगाखांद्यावरून किंवा कुणाच्याच मालकीच्या नसलेल्या खुल्या समुद्रावरून जाते. यातल्या बऱ्याच देशांकडे समुद्र मोजायची जहाजं नाहीत. ज्यांच्याकडे जहाजं आहेत, त्यांतले अनेक देश या समुद्राच्या काठावर नाहीत. सावडीची गरज इथूनच सुरू होते.

त्यात हा समुद्र वेगळ्या घडणीचा. पॅसिफिक आणि अटलांटिक उत्तरेलाही दूर थंड प्रदेशांपर्यंत पोचतात. हिंदी महासागराच्या उत्तरेला आशियाची भिंत आहे. उष्णता उत्तरेकडे निघून जायला वाट नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये भारतीय प्रदेशातल्या हवामानबदलाचा सविस्तर अहवाल काढला. त्यानुसार १९५१ ते २०१५ या काळात उष्णकटिबंधातल्या हिंदी महासागराचं पृष्ठभागाचं तापमान सरासरी एक अंशाने वाढलं, तर जगभरच्या समुद्रांची सरासरी वाढ ०.७ अंश. एक अंश ऐकायला किरकोळ वाटतो. पण चक्रीवादळाला लागणारी शिदोरी म्हणजे समुद्राची हीच ऊब.

आणि तरीही दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात जगातला सर्वांत कमी माहिती असलेला मोठा समुद्र हाच होता. म्हणून १९५७ साली सागरी संशोधनाची एक आंतरराष्ट्रीय समिती बसली आणि तिने पहिलं मोठं काम हाती घेतलं ते आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेचं. पुढे युनेस्कोने त्यात हात घातला. १९६५ पर्यंत डझनाहून जास्त देशांची चाळीसेक जहाजं या समुद्रात फिरली. कुलाब्याचं ते हवामान केंद्र याच मोहिमेचा भाग.

तो काळ डोळ्यांपुढे आणा. अमेरिका आणि सोव्हिएत संघ एकमेकांवर क्षेपणास्त्रं रोखून बसले होते. १९६२ मध्ये भारत-चीन युद्ध झालं, १९६५ मध्ये भारत-पाकिस्तान. आणि याच वर्षांत सोव्हिएत ‘वित्याझ’, अमेरिकेची ‘अँटन ब्रून’, ब्रिटनची ‘डिस्कव्हरी’, पश्चिम जर्मनीची ‘मेटिओर’, जपानची ‘उमिताका मारू’, पाकिस्तानची ‘झुल्फिकार’ आणि आपल्या नौदलाची ‘किस्तना’ ही जहाजं एकाच मोहिमेच्या यादीत होती. ‘अँटन ब्रून’ ही एके काळची अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची नौका. ट्रुमन ज्या नौकेवर सुट्टी घालवायचे, तिच्यावर आता मासे आणि प्लवक मोजले जात होते, आणि मोजणाऱ्यांत भारतीय शास्त्रज्ञही होते.

इथे एक गोष्ट जवळून बघण्यासारखी आहे. प्लवक म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव. माशांचं अन्न तेच. ते किती आहेत हे मोजायला जाळं पाण्यात सोडतात आणि वर ओढतात. पण रशियन जाळं वेगळं, जपानी वेगळं, अमेरिकी वेगळं. एकाच्या जाळ्याची भोकं बारीक, दुसऱ्याची मोठी. एक जण शंभर मीटरवरून ओढतो, दुसरा पाचशेवरून. मग सोमालियाजवळ प्लवक जास्त सापडले आणि केरळजवळ कमी, असं दिसलं, तर तो फरक समुद्राचा की जाळ्याचा? यावर तोडगा म्हणून या मोहिमेसाठी एक जाळं ठरवलं गेलं. त्याचं नावच ‘हिंदी महासागर प्रमाण जाळं’. तोंड एक चौरस मीटरचं, भोकं मिलिमीटरच्या एक तृतीयांश, आकार आपल्या डोल जाळ्यासारखा निमुळता. दोनशे मीटर खोल सोडायचं आणि सरळ वर ओढायचं. सगळ्यांनी, सगळीकडे, असंच. गोळा झालेले दीड हजारांहून जास्त नमुने कोचीनला एका नव्या केंद्रात आले आणि तिथे भारतीय तरुण-तरुणींनी सूक्ष्मदर्शकाखाली ते निवडून, जातवार वेगळे केले. तांदूळ निवडावेत तसं, फक्त वर्षानुवर्षं.

पाण्याच्या खारटपणाचंही तेच. तो मोजणारी यंत्रं देशोदेशीची. ती सगळी एका मापावर आणण्यासाठी कोपनहेगनहून काचेच्या बंद नळ्या यायच्या. त्यात काटेकोरपणे मोजलेलं समुद्राचं पाणी. प्रत्येक जहाजावर ही नळी फोडून आधी तिचा खारटपणा मोजायचा, यंत्र त्याला जुळवून घ्यायचं, मग स्वतःचे नमुने. बाजारात सगळ्यांचं शेर-मापटं एक नसेल तर धान्य मोजून उपयोग काय? ही बाब फार लोकांना ठाऊक नसते, पण माझ्या मते देशोदेशींनी मिळून केलेल्या विज्ञानाचा निम्मा अर्क या नळीत आणि त्या जाळ्यात आहे. करारावर सह्या एका दिवसात होतात. एकच माप पत्करायचं म्हणजे आपली वर्षानुवर्षांची सवय सोडायची, आपल्या प्रयोगशाळेचे जुने आकडे कदाचित चुकीचे होते असं मान्य करायचं. ते जड जातं.

या मोहिमेतून आपल्याला काय मिळालं? एक उदाहरण थेट आपल्या पावसाचं. १९६३ च्या पावसाळ्यात उत्तर कोकण आणि गुजरातच्या किनाऱ्यावर धो धो पाऊस झाला, पण जमिनीवरच्या दाबाच्या नकाशात मोठं वादळ वगैरे काही दिसत नव्हतं. विमानांनी आणि फुग्यांनी वरची हवा मोजली तेव्हा उलगडा झाला. जमिनीपासून तीन ते सहा किलोमीटर उंचीवर हवेचा एक भोवरा फिरत होता. खाली त्याचा मागमूस नाही, वर पूर्ण जोर. अमेरिकी शास्त्रज्ञ फॉरेस्ट मिलर आणि भारतीय हवामानतज्ज्ञ आर. एन. केशवमूर्ती यांनी मिळून त्याची रचना मांडली. मुंबई-पालघर-सुरत पट्ट्यात दोन-तीन दिवस मुक्काम ठोकणाऱ्या काही अतिवृष्टींमागे असे मधल्या उंचीवरचे भोवरे असतात, हे आज हवामानशास्त्राच्या विद्यार्थ्याला वर्गात शिकवतात.

दुसरं फळ गोव्यात आहे. मोहीम संपली तेव्हा भारताकडे समुद्राचा अभ्यास केलेली माणसं होती, उपकरणं होती, नमुने होते. त्यांना घर हवं होतं. १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. मोहिमेतली भारताची बाजू सांभाळणारे एन. के. पणिक्कर तिचे पहिले संचालक. आज दोना पावलाला जाणाऱ्या रस्त्यावर तिची इमारत दिसते.

पण सगळं गोड नव्हतं, आणि ते सांगायलाच हवं. मोठी जहाजं श्रीमंत देशांची होती, त्यामुळे कुठे जायचं आणि काय मोजायचं हे बहुतेक वेळा तेच ठरवत. काठावरच्या गरीब देशांच्या वाट्याला पाहुण्यांना बंदरात जागा देणं आणि नंतर छापून आलेले नकाशे बघणं एवढंच यायचं. सावडीत ज्याच्याकडे बैल त्याचाच शब्द चालतो, तसं. मापं एक झाली, पण मोहिमेचा आराखडा सगळ्यांनी बसून आखलेला नव्हता. भारत त्यातून वर आला कारण आपण माणसं तयार केली. सगळ्यांना ते जमलं नाही.

आता मधली काही दशकं ओलांडून १९९९ मध्ये येऊ. १९९७ साली पॅसिफिकमध्ये विसाव्या शतकातल्या सर्वांत जोरदार एल निनोंपैकी एक होता. एल निनो म्हणजे विषुववृत्ताजवळच्या पॅसिफिकचं पाणी नेहमीपेक्षा तापणं. तो आला की भारतात दुष्काळ, असं गणित तोवर डोक्यात बसलेलं. पण त्या वर्षी भारतात सरासरीइतका, किंबहुना किंचित जास्तच पाऊस पडला. मग गणित कुठे चुकलं? उत्तर हिंदी महासागरातच होतं. काही वर्षी या समुद्राचा पश्चिम भाग, म्हणजे आफ्रिकेकडचा, नेहमीपेक्षा तापतो आणि पूर्व भाग, म्हणजे सुमात्राजवळचा, थंड पडतो. तराजूची दोन पारडी. पश्चिमेचं पारडं तापलं की आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आणि बऱ्याचदा भारतातही पाऊस वाढतो. इंडोनेशिया आणि ऑस्ट्रेलियात कोरडं पडतं. याला हिंदी महासागराचं द्विध्रुव म्हणतात. १९९९ मध्ये ही कल्पना मांडणाऱ्या शोधनिबंधावर चार नावं होती: साजी, गोस्वामी, विनयचंद्रन आणि यामागाता. तीन भारतीय, एक जपानी. संशोधनाची जागा जपान. यातले बी. एन. गोस्वामी पुढे पुण्याच्या संस्थेचे संचालक झाले.

२०१९ मध्ये हे पारडं फार जोरात कललं. त्या वर्षी देशात सरासरीच्या ११० टक्के पाऊस झाला, आणि मान्सूनच्या परतीला ९ ऑक्टोबरला सुरुवात झाली, तोवरच्या नोंदींमधली सर्वांत उशिराची. अरबी समुद्रात एकाच वर्षात पाच चक्रीवादळं झाली. दिवाळीत क्यार वादळ आलं तेव्हा कोकणच्या किनाऱ्याला लाटा धडकत होत्या आणि बोटी बंदरांमध्ये आसऱ्याला थांबल्या होत्या. त्याच महिन्यांत केनियात पूर आले आणि ऑस्ट्रेलियात जंगलं पेटली. या प्रत्येक घटनेला इतरही कारणं होती, पण धागा एका समुद्रातून जात होता. म्हणून केनियातल्या शेतकऱ्याला आणि देवगडच्या तांडेलाला एकाच आकड्याची गरज आहे: सुमात्राजवळचं पाणी किती थंड आहे?

तो आकडा येतो कुठून? उपग्रह समुद्राच्या वरच्या कातडीचं तापमान सांगतो, आतलं नाही. आतलं कळायला पाण्यात काही तरी असावं लागतं. पॅसिफिकमध्ये मोजणीच्या तरंगत्या यंत्रांचं, म्हणजे बोयांचं, असं जाळं १९९४ पर्यंत पूर्ण झालं होतं. हिंदी महासागराची पाळी सर्वांत शेवटी आली. २००४ मध्ये आपल्या ‘सागरकन्या’ जहाजावरून या समुद्रातल्या ‘रामा’ नावाच्या जाळ्याचे पहिले बोये पाण्यात गेले. नावाचं रामायणाशी काही नातं नाही, ती एका लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरं आहेत. पण ते नाव आपल्याकडे लगेच रुळलं.

हा बोया कसा असतो? दोन-सव्वादोन मीटर रुंदीचं कड्यासारखं तरंगतं अंग, त्यावर मनोरा. मनोऱ्यावर वारा, पाऊस, ऊन, दमटपणा मोजणारी यंत्रं. खाली तार, तिच्यावर पाचशे मीटरपर्यंत ठरावीक अंतरावर तापमान आणि खारटपणा मोजणारे संवेदक. तार पुढे चार-चार, पाच-पाच किलोमीटर खाली समुद्राच्या तळापर्यंत जाते आणि तिथे नांगर म्हणून काय असतं? आगगाडीची जुनी, भंगारातली लोखंडी चाकं. एकावर एक रचलेली. आयुष्यभर रुळांवर धावलेली चाकं शेवटी समुद्राच्या तळाशी बसून एक बोया धरून ठेवतात, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बराच वेळ तेच डोक्यात घोळवत होतो.

आणि ही खरीखुरी सावड आहे. बोये आणि यंत्रं मुख्यतः अमेरिकेची, जहाजाचे दिवस भारताचे. जपान, इंडोनेशिया, चीन आणि पूर्व आफ्रिकेकडचे देश यांनीही कुठे बोये, कुठे जहाज दिलं. अशा खोल समुद्रातल्या मोहिमेत सर्वांत महाग गोष्ट जहाजाचा दिवस. बोया वर्षभराने काढून नवा टाकावा लागतो, नाही तर शेवाळ, शिंपले आणि गंज त्याला खाऊन टाकतात. म्हणून एका देशाने यंत्र द्यायचं, दुसऱ्याने वाहून न्यायचं, आणि आकडे सगळ्यांचे. ते उपग्रहावरून येतात आणि जगातला कुणीही ते उघडून बघू शकतो. याच्या जोडीला आर्गो नावाचे फ्लोट आहेत. माणसाच्या उंचीचे नळकांडे, जगभर चारेक हजार. ते हजार मीटर खोल वाहत राहतात, दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारतात, वर येताना पाणी मोजतात, पृष्ठभागावर येऊन आकडे पाठवतात आणि पुन्हा खाली जातात. हिंदी महासागरातल्या आर्गोच्या नोंदींचं प्रादेशिक केंद्र हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेत आहे. हीच संस्था कोळी बांधवांना कुठल्या भागात मासळी मिळण्याची शक्यता आहे याचे संदेश देते.

आकडे सर्वांना खुले, हे वाक्य मी सहज लिहिलं. पण याच दक्षिण आशियात गंगा आणि ब्रह्मपुत्रा खोऱ्यातल्या प्रवाहाची आकडेवारी आपण गोपनीय ठेवतो. समुद्राच्या पाण्याचं तापमान वाटून घ्यायला तयार असलेले देश नदीच्या पाण्याचा आकडा मुठीत धरून बसतात, कारण नदीवर भांडण आहे. पुरात गावं दोन्हीकडची वाहून जातात. हे मला मनापासून चुकीचं वाटतं.

समुद्रातही सगळं मोकळं राहिलेलं नाही. साठच्या दशकात जहाज किनाऱ्याच्या बरंच जवळ जाऊन पाणी मोजू शकत होतं. १९८२ मध्ये समुद्राचा आंतरराष्ट्रीय कायदा ठरला आणि १९९४ मध्ये तो लागू झाला. त्यानुसार किनाऱ्यापासून दोनशे सागरी मैलांपर्यंतच्या आर्थिक क्षेत्रात परदेशी शास्त्रज्ञांना संशोधन करायचं असेल तर त्या देशाची परवानगी लागते, आणि अर्ज निदान सहा महिने आधी करावा लागतो. किनाऱ्यावरच्या देशाला आपला माणूस जहाजावर पाठवायचा आणि निष्कर्ष मागायचा हक्क मिळतो. मला हा कायदा न्याय्य वाटतो, कारण आधीच्या मोहिमांत जे झालं ते पुन्हा होऊ नये याची सोय त्यात आहे. पण त्याची किंमतही आहे. मान्सूनचं वेळापत्रक अर्जाची वाट बघत नाही. परवानगी लांबली की पावसाळा निघून जातो, आणि पुढची संधी एक वर्षाने. शिवाय पाणबुड्यांच्या भीतीने प्रत्येक नौदल समुद्रतळाच्या आणि आवाजाच्या मोजणीकडे संशयाने बघतं.

कायद्याची रेघ पाण्याला दिसत नाही, हे कांदोळीपुढच्या समुद्रात फार चांगलं कळतं. गोव्याची संस्था कांदोळीच्या किनाऱ्यापासून काही किलोमीटर आत एका ठरलेल्या जागी पुन्हा पुन्हा जाऊन पाणी मोजते. खोली पंचवीस-तीस मीटर. पावसाळा सरता सरता, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तळाजवळचं पाणी बाटलीत भरून वर आणलं आणि झाकण उघडलं की काही वर्षी सडक्या अंड्याचा वास येतो. तो हायड्रोजन सल्फाइड. तळाच्या पाण्यातला प्राणवायू संपलेला आहे, त्यानंतर जिवाणूंनी नायट्रेट संपवलं आणि आता ते सल्फेटवर जगताहेत, असा त्याचा अर्थ. मधल्या टप्प्यात नायट्रस ऑक्साइड तयार होतो, जो उष्णता धरून ठेवण्यात कार्बन डायऑक्साइडपेक्षा शेकडो पट भारी. एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली हे जगापुढे मांडलं आणि शेतातून वाहून येणाऱ्या खतांचाही यात हात असू शकतो असं सुचवलं. पण कमी प्राणवायूचं हे पाणी मुळात येतं कुठून? अख्ख्या अरबी समुद्रात, दीड-दोनशे मीटरपासून हजार मीटर खोलीपर्यंत, प्राणवायू जवळजवळ संपलेल्या पाण्याचा एक प्रचंड थर आहे. ओमान, येमेन, पाकिस्तान आणि भारत या सगळ्यांच्या अंगणाखालून जाणारा. नव्वदच्या दशकात अनेक देशांच्या जहाजांनी मिळून त्याचा अभ्यास केला नसता, तर कांदोळीची बाटली हे एक स्थानिक कोडंच राहिलं असतं.

आता सावडीत भांडण कसं होतं तेही बघू. १९९९ च्या जानेवारी ते मार्चमध्ये ‘इंडोएक्स’ हा मोठा प्रयोग झाला. भारत, अमेरिका, युरोपातले देश आणि मालदीव. पुढे उभे होते हवामानशास्त्रज्ञ व्ही. रामनाथन आणि ओझोनच्या कामासाठी नोबेल मिळालेले पॉल क्रुट्झन. भारतातली बाजू ए. पी. मित्र यांच्याकडे. विमानं, ‘सागरकन्या’सकट जहाजं आणि मालदीवच्या काशिधू बेटावरची वेधशाळा. त्यांना हिवाळ्यात उत्तर हिंदी महासागरावर धुरकट हवेचा एक विस्तीर्ण थर सापडला, सुमारे तीन किलोमीटर जाडीचा. काजळी, सल्फेट, धूळ, राख. समुद्रापर्यंत पोचणारं ऊन त्याने लक्षणीय कमी होत होतं. चुली, शेतातला जाळ, डिझेल, कोळसा, सगळ्याचा धूर वाऱ्याबरोबर मालदीवपर्यंत.

शोध पक्का होता. वाद झाला तो पुढे. २००२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने यावर अहवाल काढला आणि त्यात ‘आशियाई तपकिरी ढग’ असं नाव वापरलं. शाश्वत विकासावरची जोहान्सबर्गची मोठी परिषद तोंडावर होती. भारतात संताप झाला. पुण्यात जन्मलेल्या मान्सूनतज्ज्ञ सुलोचना गाडगीळ आणि जे. श्रीनिवासन यांनी लगेच लेख लिहून सांगितलं की काही महिन्यांच्या हिवाळी मोजणीवरून पावसाळ्याबद्दल आणि पिकांबद्दल एवढे मोठे निष्कर्ष काढता येत नाहीत, आणि असा धूसर थर ही काही एकट्या आशियाची मक्तेदारी नाही. शेवटी नावातलं ‘आशियाई’ गेलं आणि ‘वातावरणीय तपकिरी ढग’ असं नाव रुजलं.

मला या प्रसंगात दोन्ही बाजू पटतात. धूर खरा आहे. दिल्लीच्या नोव्हेंबरात आता ते कुणाला सांगावं लागत नाही. पण मोजणी मिळून करायची आणि निष्कर्षाचं मथळ्यातलं वाक्य एकाच टोकाला लिहायचं, हेही चालणार नाही. गाडगीळ आणि श्रीनिवासन यांना उत्तर देता आलं, कारण त्यांना आकडे वाचता येत होते आणि आकडे समोर होते. ज्या देशाकडे अशी माणसं नाहीत, त्याला दुसऱ्याने लिहिलेलं नाव मुकाट्याने लावून घ्यावं लागतं.

नव्वदच्या दशकात प्रादेशिक संस्था उभ्या राहिल्या, त्यामागे हीच जाणीव होती. दोन्ही अमेरिका खंडांतल्या देशांनी १९९२ मध्ये आपली संस्था काढली. आशिया-पॅसिफिकमधल्या देशांचं जाळं १९९६ मध्ये सुरू झालं, त्याचं कार्यालय जपानमध्ये कोबेला आहे आणि भारत त्याचा सदस्य आहे. हिमालयासाठी आठ देशांचं केंद्र काठमांडूत १९८३ पासूनच आहे. या संस्था मोठी जहाजं पाठवत नाहीत. त्या लहान अनुदानं देतात, तरुण शास्त्रज्ञांना प्रशिक्षण देतात, शेजारच्या देशांतल्या माणसांना एका टेबलाशी बसवतात. दिसायला किरकोळ काम, पण पुढच्या भांडणात उत्तर देणारी माणसं इथूनच तयार होतात.

रोजच्या व्यवहारात या सावडीचं आपल्याला भेटणारं रूप म्हणजे वादळाचं नाव. ३ जून २०२० रोजी श्रीवर्धन-अलिबाग पट्ट्याला ज्या वादळाने झोडपलं, त्याचं ‘निसर्ग’ हे नाव बांगलादेशने दिलेलं. पुढच्या वर्षीचं ‘तौक्ते’ म्यानमारचं, आणि २०१९ मधलं ‘महा’ ओमानचं. उत्तर हिंदी महासागराच्या काठचे तेरा देश आपापली नावं देतात आणि दिल्लीतलं हवामान खात्याचं केंद्र या सगळ्यांना वादळाचे इशारे पाठवतं, पाकिस्तानलाही. निसर्गच्या वेळी इशारे आधी आले आणि किनाऱ्यावरची गावं वेळेत हलवता आली. माड आणि पोफळी गेल्या, घरांवरची कौलं गेली. पण माणसं बहुतेक वाचली.

डिसेंबर २०१५ मध्ये गोव्यातून दुसरी आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम निघाली. मुरगाव बंदरातून ‘सागर निधी’ हे जहाज मॉरिशसकडे गेलं, पहिल्या मोहिमेनंतर बरोबर पन्नास वर्षांनी. या वेळी मोहिमेची सुरुवातच भारतातून झाली, हा फरक मला मोठा वाटतो.

रामाचं जाळं मात्र कागदावर होतं तसं पूर्ण झालं नाही. आराखड्यात ४६ जागा होत्या, पुढे तो आटोपता घ्यावा लागला. काही बोये मासेमारी जहाजांनी खराब केले, कारण तरंगत्या वस्तूखाली टुना जमतो आणि त्यासाठी जहाजं बोयाला दोर बांधून उभी राहतात. कोविडच्या काळात देखभालीची जहाजं निघाली नाहीत आणि अनेक जागांवरून आकडे यायचे थांबले. आणि सोमालियापुढचा पट्टा चाच्यांमुळे वर्षानुवर्षं वर्ज्य राहिला. तिथे बोये टाकायला कुणी जहाज पाठवायला तयार नव्हतं. जूनमध्ये कोकणाकडे निघालेला वारा सर्वांत जोरात वाहतो तो नेमका तिथेच.